शेहेचाळिसाव्या वर्षी एरोबिक डान्स: वजन, साखर, गुडघे आणि वेळ

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४६, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. राहणं डोंबिवलीला, नोकरी फोर्टला. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ५.९ आलंय, रक्तदाब डॉक्टरांनी ‘काठावर’ म्हटलाय, औषध अजून कशाचंच नाही. पाळी दोन-दोन महिने पुढे जाते आणि आली की जास्त जाते. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आठवड्यातून तीन दिवस रात्री सव्वाआठला एरोबिक डान्सचा वर्ग सुरू होतोय. तिथे जावं का, वजन किती उतरेल, आणि दिवसभर जी धावपळ होते ती व्यायामात का धरायची नाही, असं तुम्ही विचारलंय. अगदी शेवटी ‘या वयात नाचणं बरं दिसतं का’ हेही आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली वीसेक वर्षं ठाणे-डोंबिवली पट्ट्यात नोकरी करणाऱ्या बायकांचे असे वर्ग घेते. माझं थोडक्यात उत्तर असं: जा, नक्की जा. पण वजन उतरवायला म्हणून जाऊ नका, आणि पहिल्या दिवसापासून उड्या मारू नका. तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. दिवसातून जेमतेम पाऊण तास हाताशी आहे, तोही आठवड्यातून तीनदा. तो अशा रीतीने वापरायचा की साखर आणि रक्तदाब मागे सरकतील आणि गुडघा पुढची वीस वर्षं साथ देईल. त्या दृष्टीनेच सगळं लिहिते.

आधी धावपळीचं. तुमची दमणूक खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण अंग दमणं वेगळं आणि हृदयाला व्यायाम होणं वेगळं. लोकलमध्ये तासभर उभं राहिलं, घरी येऊन ओट्याशी उभं राहून स्वयंपाक केला, की पाय आणि कंबर भरून येतात. हृदयाचे ठोके मात्र फारसे वाढत नाहीत आणि वाढले तरी टिकत नाहीत. स्टेशनचा पूल चढताना वाढतात, तेवढा खरा व्यायाम, पण तो मिनिटभरात संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन दिलं त्यात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगला जोरकस व्यायाम सांगितलाय, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. म्हणजे तुमचा पुलाचा जिना आणि स्टेशनपर्यंतची झपझप चाल हिशेबात धरायची, अगदी हक्काने धरायची. उरलेली मोठी तूट वर्ग भरून काढेल. २०२२ सालच्या स्थितीवर आधारलेल्या एका जागतिक अभ्यासात भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रिया या किमान मर्यादेच्या खाली आहेत असं दिसलं. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. अशा पाहण्यांमध्ये घरातली आणि कामावरची हालचालही मोजलेली असते. तरीही बायकांचा आकडा जास्त आहे. त्यामुळे ‘आम्हाला कशाला वेगळा व्यायाम’ या समजुतीला आधार नाही, आणि मी माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला हे स्पष्ट सांगते.

आता वजन. याचा हिशेब मी तुमच्यासमोरच मांडते, कारण तिसऱ्या महिन्यात वर्ग सोडून जाणाऱ्या बहुतेक जणी वजनाच्या काट्यामुळे सोडतात. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तो एक भाग धरा. एक पाय कायम जमिनीवर ठेवून केलेल्या एरोबिक डान्समध्ये साधारण त्याच्या पाचपट खर्च होतो, उड्यांच्या प्रकारात सातपट. ६८ किलो वजनाच्या बाईने ४५ मिनिटं पहिला प्रकार केला तर साधारण २५० कॅलरी होतात. त्यातल्या पन्नासेक ती नुसती बसली असती तरी गेल्याच असत्या. म्हणजे निव्वळ २००. आठवड्याला तीन वर्ग धरले तर महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. खाणं जसंच्या तसं ठेवलं तर महिन्याला ३०० ते ३५० ग्रॅम. आणि वर्ग संपल्यावर भूक लागली म्हणून एक वडापाव खाल्ला की त्या दिवसाची शिल्लक संपली. ‘एका महिन्यात पाच किलो’ असं ज्या फलकावर लिहिलेलं असेल त्या वर्गाला मी तुम्हाला पाठवणार नाही.

वजनाऐवजी कंबर मोजा. आपल्या भागातल्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानली जाते. बेंबीच्या आसपासची चरबी व्यायामाने काट्यावर दिसण्याआधी कमी होऊ लागते. सलवारीची नाडी, ब्लाउजचे हुक हे आधी सांगतात. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २८ च्या वर आहे आणि आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन मानतात, त्यामुळे वजन कमी व्हायला हवंच आहे. पण ते काम मुख्यतः ताटाचं आहे.

मग नाचाचं काम काय? तुमच्या बाबतीत पहिलं नाव साखरेचं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, तुम्ही त्याच्या सुरुवातीलाच आहात. या टप्प्यावर इन्सुलिन असतं, पण स्नायू त्याचं ऐकत नाहीत. व्यायामाची मोठी गंमत इथेच आहे: स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातली साखर आत ओढायला त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, आणि एरोबिक डान्समध्ये सतत तेच चालतात. वर्ग संपल्यावरही स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. तो परिणाम एक-दोन दिवस राहतो आणि मग ओसरतो. म्हणूनच सोमवार-मंगळवार-बुधवार असे ओळीने तीन वर्ग घेऊन चार दिवस रिकामे ठेवण्यापेक्षा सोमवार-बुधवार-शुक्रवार जास्त फायद्याचे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही, एवढा एक नियम धरलात तरी पुष्कळ झालं. रविवारी वर्ग नसेल तर अर्धा तास झपझप चाला, म्हणजे तिथली फट बुजेल.

हे नुसतं माझं मत नाही. चेन्नईला झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, साखर सीमेवर असलेल्या लोकांना खाण्यात बदल आणि नियमित हालचाल एवढंच दिलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला. वजन हलत नाही म्हणून निराश होणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

रक्तदाबाचं तसंच. ज्यांचा वाढलेला आहे त्यांच्यात नियमित एरोबिक व्यायामाने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने खाली येतो. काठावरच्या माणसासाठी हा फरक गोळी सुरू होणं आणि न होणं यातला असू शकतो. किती येईल हे तुमच्या मिठावर, झोपेवर आणि घराण्यात काय आहे यावरही अवलंबून आहे, त्यामुळे आकड्याचं वचन मी देत नाही. दम मात्र वाढतोच. माझ्या वर्गात एक बँकेतल्या ताई येत, त्यांचं वजन पहिल्या तीन महिन्यांत जवळपास हललंच नाही. पण फलाटावरून पूल चढून पलीकडे उतरताना मधल्या सपाटीवर थांबावं लागायचं ते थांबलं, आणि त्या वर्षी घरातल्या गणपतीच्या आरतीला पूर्ण वेळ उभ्या राहून टाळ्या वाजवल्याचं त्यांनी मला आनंदाने सांगितलं. मी ज्याला सुधारणा म्हणते ती ही.

झोप सुधारते, चिडचिड कमी होते, हेही मी सातत्याने बघते. पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा येतात, त्या नाचाने थांबतील असं मात्र मी सांगत नाही. त्याबाबत पुरावा एकसारखा नाही. मेंदूच्या बाबतीत एक गोष्ट उल्लेखण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्या लोकांवर केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शारीरिक छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. नाचामुळेच तो टळला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आठ काउंट उजवीकडे, आठ डावीकडे, हात वेगळे, पाय वेगळे, हे लक्षात ठेवताना डोक्यालाही काम पडतं, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात जाणवेल. पावलं चुकतील. चुकू द्या, ठोके वाढतच असतात.

आता गुडघा, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये दम वाढवणाऱ्या व्यायामाची पद्धत लोकांपुढे आणली, आणि १९६९ मध्ये जॅकी सोरेन्सन या नृत्यशिक्षिकेने पोर्टो रिकोतल्या हवाई तळावरच्या बायकांसाठी तिला नाचाची जोड दिली. १९८० च्या दशकात हे वारं जगभर पसरलं तेव्हा त्यात उड्याच उड्या होत्या, कडक जमिनीवर. शिकवणाऱ्यांच्याच नडग्या आणि गुडघे दुखायला लागले. त्यातून लो-इम्पॅक्ट प्रकार पुढे आला: एक पाय कायम जमिनीवर. चालताना पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून वजनाच्या सव्वापट-दीडपटीच्या आत धक्का येतो, उडी मारून उतरताना तो दुप्पट-तिप्पट होतो. ६८ किलोची दुप्पट-तिप्पट, क्लबहाउसच्या टाइल्सवर, रोज शे-दीडशे वेळा. जिना उतरताना दुखणाऱ्या गुडघ्याला हे नको. मार्च (जागेवर चालणं), स्टेप टच (बाजूला पाऊल टाकून दुसरं जवळ आणणं), व्ही स्टेप (इंग्रजी व्हीच्या आकारात पुढे-मागे पावलं), ग्रेपव्हाईन (एक पाऊल दुसऱ्याच्या मागून टाकत आडवं जाणं), हॅमस्ट्रिंग कर्ल (टाच मागे उचलणं), नी लिफ्ट (गुडघा पुढे उचलणं) एवढ्या सहा हालचालींवर अख्खा वर्ग उभा राहतो, आणि हात खांद्याच्या वर नेले, पावलं लांब टाकली की उडी न मारताही ठोके हवे तेवढे वाढतात.

उड्यांपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती गिरकीची. चित्र डोळ्यांसमोर आणा: गाण्यात वळण येतं, मॅडम ‘टर्न’ म्हणतात, तुमचं धड आणि मांडी डावीकडे वळते, पण उजव्या बुटाचा नवा कोरा रबरी तळ टाइलला घट्ट धरून बसलेला असतो. पाऊल वळत नाही, कंबर वळते, आणि मधला गुडघा पिळला जातो. गुडघा हा मुख्यतः दुमडण्या-उलगडण्याचा सांधा. त्याच्या आतल्या गादीची चाळिशीनंतर थोडी झीज झालेलीच असते, तिला ही पिळवट सोसत नाही. माझ्याकडे एरोबिक्समुळे गुडघा धरून आलेल्या बायकांमध्ये उडीपेक्षा अशा गिरकीने दुखावलेल्या जास्त असतात. उपाय साधा आहे. वळताना टाच उचला, वजन चवड्यावर घ्या, आणि पाऊल, गुडघा, कंबर तिन्हींची तोंडं एकाच दिशेला ठेवून एकत्र वळा. ते गाण्याच्या वेगात जमत नसेल तर वळायचंच नाही. जागेवर चार मार्च करा आणि पुढच्या काउंटला वर्गात सामील व्हा. कोणीही तुमच्याकडे बघत नसतं, प्रत्येकीचं लक्ष स्वतःच्या पायांकडे असतं.

जिना उतरताना दुखतं आणि सपाटीवर नाही, हे बहुतेक वेळा वाटीच्या मागचं दुखणं असतं आणि त्याचं मूळ मांडीच्या पुढच्या स्नायूच्या अशक्तपणात असतं. पण गुडघ्याला हात न लावता मी निदान करणार नाही. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा पायाखालून सुटल्यासारखा होत असेल तर वर्गाआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल तर आजपासून एक व्यायाम सुरू करा: जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि तितक्याच सावकाश बसायचं, आठ ते दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. बसताना धपकन सोडायचं नाही, सगळा फायदा त्या सावकाश बसण्यात आहे. फार खोल जायला लागून दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दुखण्याचा अंदाज असा ठेवा: दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर आलेलं असलं पाहिजे. सकाळी जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वर्गात त्यातलं काहीतरी कमी करा. वर्ग सोडू नका, कमी करा.

बूट घाला, अनवाणी नको. टाचांच्या दुखण्याच्या कितीतरी बायका मी टाइलवर अनवाणी नाचून आलेल्या बघितल्या आहेत. धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याला आडवं सरकायचं असतं, म्हणून तळ रुंद आणि फार उंच नसलेले बूट बघा. महागड्या ब्रँडची गरज नाही. आणि नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या. छाती दुखते म्हणून अंग चोरून नाचणाऱ्या बायका कमी नाहीत, त्या कोणाला सांगत नाहीत एवढंच.

जोर किती लावायचा? ४६ व्या वर्षी हृदयाचा कमाल वेग काढायचा एक ढोबळ हिशेब म्हणजे २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करायचे. तुमचे १७६ येतात, आणि मध्यम व्यायामाची मर्यादा मिनिटाला साधारण ११३ ते १३४ ठोके. मनगटावर घड्याळ असेल तर बघा, नसेल तर बोलून बघा: शेजारणीला एक पूर्ण वाक्य सांगता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागायला हवा. वाक्य मध्येच तुटत असेल तर हात खाली घ्या, मार्चवर या. वाचणाऱ्या इतरांपैकी कोणी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असतील तर त्यांनी ठोके मोजू नयेत, त्या गोळीने ठोके दबलेले राहतात. त्यांनी बोलण्याचीच कसोटी लावावी. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी वेळेबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं, वर्गात साखर एकदम खाली जाऊ शकते.

वर्ग निवडताना गाण्याचा वेग ऐका. पंधरा सेकंदांत ठेका मोजा आणि चारने गुणा. लो-इम्पॅक्ट वर्गात मिनिटाला १२० ते १३० च्या आसपास ठेका सोयीचा. हल्लीची रिमिक्स गाणी बघताबघता १५० वर जातात. त्या वेगात नव्या बाईची टाच जमिनीला लागतच नाही, ती सगळा वेळ चवड्यावर नाचते आणि आठवड्याभरात पोटऱ्या बांधल्या जातात. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं सावकाश अंग गरम करण्याची आणि शेवटची पाच-सात हळूहळू थांबण्याची आहेत का तेही बघा. गाणं संपलं आणि सगळ्या एकदम खाली बसल्या असं होत असेल तर ते चूक आहे. पायांत उतरलेलं रक्त तिथेच राहतं आणि घेरी येते. शिकवणाऱ्या मॅडमनी तुम्हाला गुडघ्याबद्दल, रक्तदाबाबद्दल आपणहून विचारलं आणि उडी दाखवताना त्याच जागी बिनउडीचा पर्यायही करून दाखवला, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात.

आता एका गोष्टीबद्दल मला काळजी आहे, ती तुम्ही जाता जाता लिहिलीत: पाळी आली की जास्त जाते. यामुळे हिमोग्लोबिन खाली गेलेलं असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बारापेक्षा कमी हिमोग्लोबिन असताना वर्ग सुरू केला की चौथ्या मिनिटाला धाप लागते आणि ‘माझं वय झालं’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर लोह कमी असतं. शिवाय रक्तक्षयात एचबीए१सीचा आकडाही खरा येईलच असं नाही, तो वर-खाली दाखवू शकतो. म्हणून पहिल्या वर्गाआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. हे पुढे ढकलू नका. छातीत दडपण, जबडा किंवा पाठीत उतरणारी कळ, नेहमीच्या कामात नव्याने लागणारी धाप, असं काही असेल तर वर्गाच्या आधी हृदयाची तपासणी. बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा छातीत जोराची कळ न येताच सुरू होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणि जे कोणी विचारत नाही ते. उडी मारताना, खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जाणं. या वयात, बाळंतपणं झालेल्या बायकांत हे फार मोठ्या प्रमाणावर असतं आणि अनेक जणी याच कारणासाठी, कोणाला न सांगता वर्ग सोडतात. याला लाजायचं काही कारण नाही आणि उपायही आहे. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, सहा-आठ सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लोकलमध्ये बसल्या बसल्या होतं, शेजारणीला कळतही नाही. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका, ती फक्त स्नायू ओळखण्यापुरती खूण आहे. जमतंय की नाही कळत नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

हाडांबाबत मात्र लो-इम्पॅक्ट नाच तोकडा पडतो, ते स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. नाचाने तोल सुधारतो, पडण्याचा धोका कमी होतो; हाडाला आणि स्नायूला बळकटी यायला वजन उचलावंच लागतं. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, दोन हातांत दोन-दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन, कमरेतून थोडं पुढे वाकून, कोपरं मागे नेत त्या वर खेचणं, टाचा उचलून हळू खाली ठेवणं. महिन्याभराने हेच सोपं वाटेल, तेव्हा वजन वाढवा. याच्या जोडीला जेवणात डाळ-उसळ, ताक-दही, चालत असेल तर अंडं-मासे पुरेसे हवेत. भारतीय शिफारशीनुसार किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास. चहा-पोळी आणि वरणभातावर ही बेरीज पूर्ण होत नाही.

रात्री सव्वाआठच्या वर्गाची अडचण खाण्याचीच आहे. दुपारी दीडला डबा, मग सात तास पोट रिकामं, आणि तसंच वर्गात, हे करू नका. ऑफिसमधून निघताना किंवा गाडीत केळं, मूठभर फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी खा. जेवण वर्गानंतर, हलकं. घरी पोळ्या आधी कोणी करेल, भात कोण लावेल, हे पहिल्या वर्गाआधी घरच्यांशी बोलून ठरवा. हा आरोग्याचाच प्रश्न आहे, कारण माझ्या अनुभवात वर्ग गुडघ्यांमुळे जेवढे सुटतात त्याहून जास्त स्वयंपाकामुळे सुटतात. पहिले दोन आठवडे अर्धाच वर्ग करा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि शेवटचं थांबणं घरी हळू चालत करा. दोन आठवड्यांनी पूर्ण वर्ग. गुडघा बरा राहिला तर दोन-तीन महिन्यांनी उड्यांबद्दल बोलू. नाही मारल्या तरी काही बिघडत नाही.

राहिलं ‘बरं दिसतं का’. ताई, मंगळागौर जागवताना आपल्या आज्या रात्रभर झिम्मा खेळत, फुगड्या घालत, पिंग्याला कमरेतून वाकून घुमत. शाळेत आपण लेझीम घेऊन दोन-दोन तास मैदानावर नाचलो आहोत. हा सगळा एरोबिक डान्सच आहे, फक्त त्याला वय विचारण्याची पद्धत नव्हती. डोंबिवली-ठाण्यात मंगळागौरीचे खेळ सादर करणारे नोकरदार बायकांचे कितीतरी गट आहेत, त्यात साठीच्याही आहेत. मी वर्गात श्रावणभर झिम्मा आणि साधी फुगडी घेते, लेझमीचे हात घेते, आणि इंग्रजी गाण्यांवर बुजणाऱ्या बायका त्यात पाच मिनिटांत खुलतात. फक्त बसफुगडी तुमच्या गुडघ्याला नको: उकिडवं बसून उडत पाय पुढे टाकणं म्हणजे गुडघ्यावरचा सगळ्यात जास्त भार, तोही वाटीच्या मागेच.

सुरुवात करण्याच्या आठवड्यात कंबरेचं माप, सकाळचा रक्तदाब आणि पूल चढून आल्यावर किती धाप लागते ते एका वहीत लिहून ठेवा. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको, कारण तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. मला कळवा: हिमोग्लोबिन किती आलं, गुडघा सुजतो का, मांडी घालून बसल्यावर उठताना दुखतो का, आणि क्लबहाउसची जमीन टाइलची आहे की लाकडी. एवढं समजलं की तुमच्यासाठी कोणती पावलं वगळायची आणि ताकदीचे व्यायाम कोणत्या दोन दिवशी बसवायचे ते नेमकं सांगता येईल.